दख्खनचा खोडकिडा आणि त्याचा नैसर्गिक शत्रू : ‘कोटेशिया फ्लेविपेस’ या परोपजीवी माशीच्या प्रवासाचा इतिहास

बीजसंज्ञा : ज्वारीवरील खोडकिडा, परोपजीवी कीटक, जैविक कीड नियंत्रण, स्थानिक जैवविविधता, वासाहतिक निसर्गविज्ञान

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या शेतीचा इतिहास लिहिताना जमीनमहसूल, दुष्काळ, पाटबंधारे आणि सावकारी या विषयांचा विचार विपुल प्रमाणात झालेला आहे. पिकांवरील किडींचा उल्लेख त्या मानाने क्वचित येतो आणि तोही टोळधाडीसारख्या आपत्तीच्या निमित्ताने. किडीवर उपजीविका करणाऱ्या कीटकाला तर इतिहासाच्या पानांवर जवळजवळ स्थानच मिळालेले नाही. वस्तुतः शेतातील किती अळ्या जगाव्यात आणि किती मराव्यात याचा निवाडा अनेकदा हेच अदृश्य कीटक करीत असतात. प्रस्तुत लेखात अशाच एका कीटकाचा, म्हणजे ‘कोटेशिया फ्लेविपेस’ या परोपजीवी माशीचा, गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास तपासला आहे. ‘स्थानिक’ हा शब्द आज जैवविविधतेच्या चर्चेत सर्रास वापरला जातो. त्याचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न या इतिहासाच्या मुळाशी आहे.

ही माशी गांधीलमाशीच्या कुळातील असली तरी घराच्या आढ्याला पोळे करणारी, दंश करणारी गांधीलमाशी डोळ्यांसमोर आणणे योग्य होणार नाही. तिची लांबी जेमतेम दोन ते तीन मिलिमीटर असते आणि माणसाला तिच्यापासून कोणताही उपद्रव होत नाही. ज्वारी किंवा मक्याच्या ताटात खोडकिड्याची अळी शिरली, की त्या ताटाचा आणि अळीच्या विष्ठेचा गंध घेत मादी तेथे पोहोचते. अळीने पोखरलेल्या बोगद्यात ती स्वतः शिरते आणि अळीच्या शरीरात साधारणपणे चाळीस अंडी घालते. हे काम जोखमीचे असते. अरुंद बोगद्यात अळी उलटून चावा घेते आणि अनेक माद्या तेथेच मरतात. अंड्यांतून निघालेली पिले अळीच्या शरीरातील द्रवावर वाढतात, सुमारे दोन आठवड्यांनी तिची कातडी भेदून बाहेर येतात आणि मृतप्राय अळीच्या शेजारी पांढरे कोष विणतात. उवा किंवा जंत आपल्या यजमानाला सहसा जगू देतात, हे कीटक मात्र यजमानाचा अंत करतात. याच भेदामुळे शास्त्रज्ञ त्यांना नुसते परजीवी न म्हणता ‘पॅरासिटॉइड’ अशी वेगळी संज्ञा देतात. मराठी कृषिसाहित्यात ‘परोपजीवी मित्रकीटक’ हा शब्द रूढ झाला आहे आणि या लेखातही तोच अर्थ अभिप्रेत आहे.

नामकरणाचा काळ : पुणे, मुंबई आणि मँचेस्टर

ज्वारीचा पोंगा सुकून जाणे, म्हणजेच पोंगेमर, शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या परिचित होती. मात्र ती घडविणाऱ्या किडीचे शास्त्रीय नामकरण लष्करी अधिकारी असलेल्या एका छांदिष्ट संग्राहकाने केले. कर्नल चार्ल्स स्विन्हो यांनी मुंबई व दख्खन भागातील पतंग-फुलपाखरांचा मोठा संग्रह केला होता. त्यावरील त्यांचे लेखन १८८५ साली लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तांत प्रसिद्ध झाले. त्यात पुण्याच्या नमुन्यावरून त्यांनी एका फिकट, गवती रंगाच्या पतंगाला ‘पार्टेलस’ हे नाव दिले. हाच आजचा ‘कायलो पार्टेलस’, म्हणजे ज्वारी व मक्यावरील खोडकिडा होय. कराचीच्या नमुन्यांवरून स्विन्हो यांनी आदल्याच वर्षी याच पतंगाचे ‘झोनेलस’ या नावाने वर्णन केले होते आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील कृषिग्रंथांत ही कीड त्याच नावाने आढळते. जुने संदर्भ चाळणाऱ्या अभ्यासकाने ही दोन नावे दोन किडींची समजू नयेत.

स्विन्हो हे १५ सप्टेंबर १८८३ रोजी स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांपैकी एक होते. या आठ जणांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी भाषक होते, ही बाब येथे नोंदविण्यासारखी आहे. एतद्देशीय विद्वानांना या ज्ञानव्यवहारात प्रवेश होता. पण नमुना गोळा होई येथे आणि नाव ठरे लंडनमध्ये, ही रचना त्यामुळे बदलली नाही.

माशीच्या बाबतीत ही रचना अधिक स्पष्टपणे दिसते. पीटर कॅमेरॉन हे भारतात कधीही न आलेले ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ होते. बंगालमधील जी. ए. जे. रॉथनी, मुंबई इलाख्याच्या वनखात्यातील आर. सी. रॉटन यांसारख्या संग्राहकांनी पाठविलेल्या नमुन्यांवर त्यांनी ‘हायमेनॉप्टेरा ओरिएंटॅलिस’ ही लेखमाला मँचेस्टरच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिली. १८९१ साली त्यांनी ‘कोटेशिया’ हा वंश निर्माण करून त्यात ‘फ्लेविपेस’, म्हणजे पिवळ्या पायांची, ही जाती वर्णिली. पुढे ही माशी दीर्घकाळ ‘अपँटेलिस’ या अवाढव्य वंशात गणली गेली. १९८१ साली डब्ल्यू. आर. एम. मेसन यांनी त्या वंशाची फेररचना केली, तेव्हा तिला कॅमेरॉन यांनी दिलेले मूळ वंशनाव परत मिळाले. कॅमेरॉन यांची वर्णने घाईची आणि अपुरी असल्याची टीका त्यांच्या समकालीनांनीही केली होती आणि ती निराधार नव्हती. तथापि त्यांच्या टेबलावर ती माशी केवळ टाचणीला टोचलेली वस्तू होती, हेही लक्षात घ्यावे लागेल. ती कोणत्या अळीवर जगते, ती अळी कोणत्या पिकाचे नुकसान करते आणि त्या पिकाचा शेतकरी कोण, यांचा त्या वर्णनाशी संबंध नव्हता.

स्विन्हो यांचा पतंग आणि कॅमेरॉन यांची माशी यांचा निसर्गातील निकटचा संबंध कागदावर येण्यासाठी शासकीय कृषी-कीटकशास्त्र उभे राहावे लागले. १९०५ साली बिहारमधील पुसा येथे कृषी संशोधन संस्था स्थापन झाली आणि तेथील कीटकशास्त्रज्ञ एच. मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचे भारतीय किडींवरील ग्रंथ १९०६ व १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर किडीबरोबर तिच्या नैसर्गिक शत्रूंचीही नोंद ठेवण्याची पद्धत हळूहळू रुजली. अळ्या गोळा करणे, त्या बाटलीत वाढविणे आणि पतंगाऐवजी माशा बाहेर आल्या तर त्या जपून ठेवणे, असे हे संथ आणि कंटाळवाणे काम होते. ते करणाऱ्या भारतीय साहाय्यकांची नावे बहुतेक ठिकाणी नोंदली गेली नाहीत.

किडीचे देशांतर

आफ्रिकेत ‘कायलो पार्टेलस’ची पहिली नोंद १९३० च्या दशकाच्या आरंभी न्यासालँडमध्ये, म्हणजे आजच्या मलावीमध्ये झाली. ही कीड तेथे नेमकी कशी पोहोचली याचा पुरावा उपलब्ध नाही. पश्चिम हिंदी महासागरातील जुना व्यापार पाहता ताटे, चारा किंवा कणसे यांतून अळी जाणे अशक्य नव्हते. १९५० च्या दशकात ती केनियाच्या किनाऱ्यावर आढळली आणि त्यानंतर पूर्व व दक्षिण आफ्रिकेच्या सखल, उष्ण प्रदेशांत मका व ज्वारीवरील प्रमुख किडींत तिची गणना होऊ लागली. आफ्रिकेच्या स्वतःच्याही खोडकिडी होत्या. त्यांपैकी किनारपट्टीवरील ‘कायलो ऑरिकाल्कोसिलिएलस’ या स्थानिक जातीला या नवागत किडीने अनेक ठिकाणी मागे सारले. म्हणजेच नुकसान केवळ पिकाचे झाले नाही, एका स्थानिक कीटकाचेही झाले.

येथे थोडे विषयांतर करणे आवश्यक आहे. ज्वारी हे पीक मुळात आफ्रिकेचे होय. ईशान्य आफ्रिकेत माणसाळविलेली ज्वारी इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या सुमारास भारतीय उपखंडात आली आणि दख्खनच्या कोरडवाहू जीवनाचा कणा बनली. मका तर कोलंबसोत्तर काळात अमेरिकेतून आला. मग पुण्याच्या नमुन्यावरून नाव मिळालेली ही आशियाई कीड ज्वारी येण्यापूर्वी कशावर जगत होती? बहुधा रानगवतांवर. तेथून ती नव्या पिकावर आली आणि तिच्या मागोमाग तिची माशीही आली. पीक परके, कीड एतद्देशीय आणि माशीही एतद्देशीय, असे हे नाते चार हजार वर्षांच्या शेतीत घडत गेले. आफ्रिकेत मात्र कीड एकटीच गेली. पीक तेथे मूळचेच होते, पण किडीचा पाठलाग करणारी माशी मागे राहिली. ज्वारीच्या मूळ भूमीतच ज्वारीवर परकी कीड माजावी, या विसंगतीचे कारण या तुटलेल्या नात्यात आहे.

माशीची पाठवणी

किडीच्या मूळ प्रदेशातून तिचा शत्रू आणून सोडणे ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील लिंबूवर्गीय बागांत यशस्वी ठरली होती. ब्रिटिश साम्राज्यात व पुढे राष्ट्रकुलात या कामासाठी कॉमनवेल्थ इन्स्टिट्यूट ऑफ बायॉलॉजिकल कंट्रोल ही संस्था कार्यरत होती. तिचे भारतीय केंद्र १९५७ साली बंगळूर येथे सुरू झाले. परदेशांना हवे असलेले भारतीय कीटक शोधणे, वाढविणे आणि पाठविणे हे त्या केंद्राच्या कामाचे एक मोठे अंग होते.

‘फ्लेविपेस’चा पहिला मोठा यशस्वी प्रवास ज्वारीसाठी नव्हे तर उसासाठी झाला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतातून ही माशी बार्बाडोस बेटावर नेण्यात आली. तेथील उसावरील ‘डायाट्रिया’ ही अमेरिकन खोडकीड तिला पूर्णतः अपरिचित होती. तरीही ती तेथे स्थिरावली आणि किडीचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. वेस्ट इंडिजमधून ती १९७० च्या दशकात ब्राझीलला पोहोचली. तेथे भारत व पाकिस्तानातील अधिक दमट आणि थंड भागांतील वाणही नंतर आणण्यात आले. आज ब्राझीलच्या उसाच्या लाखो हेक्टर क्षेत्रावर दरवर्षी ही माशी सोडली जाते आणि तिच्या उत्पादनाच्या खासगी प्रयोगशाळा तेथे उभ्या आहेत. जगातील जैविक कीड नियंत्रणाच्या सर्वांत विस्तृत उपक्रमांत या कार्यक्रमाची गणना होते. ज्या भूमीतून ही माशी गेली तेथे मात्र तिचे नाव कृषी महाविद्यालयाच्या बाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. मराठीत तर तिला रूढ असे नावच आढळत नाही.

पूर्व आफ्रिकेतील पहिला प्रयत्न निष्फळ ठरला. १९६८ ते १९७२ या काळात याच संस्थेमार्फत खोडकिड्यांचे अनेक परोपजीवी कीटक तेथे नेण्यात आले, त्यांत ‘फ्लेविपेस’ही होती, पण त्यांपैकी एकही टिकला नाही. पुढील वीस वर्षे हा प्रश्न जवळजवळ बाजूलाच पडला. १९७० साली टॉमस ओधियांबो यांनी नैरोबी येथे स्थापन केलेल्या ‘इसिपे’ या कीटकविज्ञान केंद्राने नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठाच्या सहकार्याने हा विषय पुन्हा हाती घेतला. १९९१ साली पाकिस्तानातून माशा आणल्या गेल्या. विलगीकरणातील तपासण्यांनंतर १९९३ साली केनियाच्या किनारपट्टीवर त्या सोडण्यात आल्या. या वेळी त्या टिकल्या. आरंभीची काही वर्षे त्यांचे प्रमाण इतके नगण्य होते की हाही प्रयत्न फसला असे वाटावे. परंतु १९९० च्या दशकाच्या अखेरीस किनारपट्टीवरील खोडकिड्याची संख्या सुमारे निम्म्याने घटल्याचे अभ्यासकांना आढळले. पुढे पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील अनेक देशांत ही माशी सोडण्यात आली. इथिओपियात तर कोणीही न सोडता ती आपोआप पोहोचली.

या यशात एक गोष्ट नजरेआड होण्याचा धोका आहे. केनियात गेलेली माशी पाकिस्तानातील होती, पुण्याची नव्हती आणि बार्बाडोसला गेलेली भारतातील. १९४७ ची सीमारेषा या कीटकांना लागू नाही. पण कोणत्या हवामानातील, कोणत्या किडीवर वाढलेला वाण कोठे टिकेल, हा प्रश्न प्रत्येक वेळी निर्णायक ठरला. म्हणजे नुसती ‘जाती’ जपून भागत नाही. तिचे ठिकठिकाणचे स्थानिक वाण शिल्लक असले तरच निवडीला वाव राहतो.

पाहुणी आणि यजमान

आफ्रिकेत या माशीला एक चुलतबहीण आहे : ‘कोटेशिया सेसामिए’. योगायोग असा की १९०६ साली तिचेही नामकरण कॅमेरॉन यांनीच केले होते. ती आफ्रिकेतील स्थानिक खोडकिड्यांवर जगते. परकी माशी आणल्यामुळे या स्थानिक माशीचे काय होणार, हा प्रश्न १९९३ पूर्वीच्या काळात सहसा विचारलाच जात नसे.

प्रयोगशाळेत ‘कायलो पार्टेलस’च्या एकाच अळीत दोन्ही माशांची अंडी पडली, तर बहुधा आशियाई माशी वरचढ ठरते, असे दिसून आले. उच्चभूमीतील ‘बुसिओला फुस्का’ या आफ्रिकन खोडकिड्यात मात्र चित्र उलटे आहे. आशियाई माशी त्या अळीतही अंडी घालते, पण अळीची रोगप्रतिकारक पेशींची यंत्रणा त्या अंड्यांभोवती आवरण तयार करून ती निकामी करते. केनियाच्या अंतर्भागातील ‘सेसामिए’ तेथे यशस्वीपणे वाढते, तर किनारपट्टीवरील ‘सेसामिए’ला ते साधत नाही. कारण मोठे विलक्षण आहे. या माशा अंड्यांबरोबर एक विषाणू अळीच्या शरीरात सोडतात. तो त्यांच्याच जनुकसंचात पिढ्यान्‌पिढ्या वसलेला असतो आणि अळीची प्रतिकारशक्ती लुळी पाडतो. अंतर्भागातील व किनारपट्टीवरील माशांच्या या विषाणूच्या जनुकांत फरक आढळला आहे. एकाच जातीच्या दोन स्थानिक वाणांत असलेला हा भेद बाहेरून पाहता कोणत्याही टाचणीवरच्या नमुन्यात दिसणार नाही.

त्यामुळे उच्चभूमीत स्थानिक माशीला आपले क्षेत्र राखता आले. पण हे संरक्षण निसर्गाने दिले, नियोजनाने नव्हे, हे मान्य करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. सर्वत्र असे घडत नाही. हवाई बेटांतील काउआई येथील अलकाई दलदलीतील अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. तेथील स्थानिक पतंगांच्या अळ्यांमधून जे परोपजीवी कीटक निघाले, त्यांपैकी ८३ टक्के जैविक नियंत्रणासाठी पूर्वी मुद्दाम आणलेल्या जातींचे होते, १४ टक्के अपघाताने आलेले आणि केवळ ३ टक्के स्थानिक होते. शेतासाठी सोडलेल्या माशा मानवी वस्तीपासून दूरच्या अरण्यात शिरल्या होत्या.

आफ्रिकेत स्थानिक माशीच्या संवर्धनाचा एक वेगळा मार्गही याच काळात शोधला गेला. ‘इसिपे’मधील भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ झेयाउर खान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली असे दाखविले की मक्यात ‘मेलिनिस’ या गवताचे आंतरपीक घेतले, तर त्याच्या गंधाने खोडकिडा दूर राहतो आणि ‘सेसामिए’ माशी मात्र आकर्षित होते. यातूनच पुढे किडीला मुख्य पिकातून हुसकावणाऱ्या डेस्मोडियमची आणि तिला शेताच्या कडेला ओढून घेणाऱ्या हत्तीगवताची जोडी शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली. येथे नवी माशी आणलेली नाही. जी आहे तिला निवारा दिला आहे. इतिहासाच्या दृष्टीने हा बदल, एखाद्या बेटावर माशी यशस्वीपणे रुजविण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचा वाटतो.

मायदेशातील स्थिती

आपल्याकडे ‘फ्लेविपेस’ आहे म्हणून खोडकिड्याचा प्रश्न सुटला आहे, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. ज्वारी व मक्यावर ही कीड आजही नुकसान करते आणि माशीचे प्रमाण ऋतूनुसार, प्रदेशानुसार कमीअधिक होते. पीक निघाल्यावर अळी धसकटांत व कडब्यात सुप्तावस्थेत राहते. अशा काळात माशीला जगण्यासाठी पर्यायी अळ्या लागतात आणि त्या मिळण्याचे एक ठिकाण म्हणजे बांधावरचे, ओढ्याकाठचे गवत. बांध कोरून शेत वाढविण्याची प्रवृत्ती, तणनाशके, सर्व कीटकांना सरसकट मारणारी फवारणी आणि महाराष्ट्रात गेल्या काही दशकांत सातत्याने घटलेले ज्वारीचे क्षेत्र हे सर्व घटक एकाच दिशेने जातात. त्यांचा या माशीच्या स्थानिक वाणांवर काय परिणाम झाला, हे पाहण्यासाठी गावोगावच्या जुन्या नोंदी हव्यात.

कायदा मात्र झाला आहे. केनियात माशा सोडल्या गेल्या त्याच १९९३ सालच्या २९ डिसेंबरला आंतरराष्ट्रीय जैवविविधता करार अमलात आला आणि जैविक संसाधनांवर त्या त्या देशाचा सार्वभौम हक्क मान्य झाला. भारताचा जैवविविधता अधिनियम २००२ चा. नागोया मसुदा २०१० चा. पूर्वी टपालाच्या पेटीतून जाणारी माशी आता परवानगीशिवाय देशाबाहेर जाऊ शकत नाही. २०१० साली जैविक नियंत्रणाच्या क्षेत्रातील शास्त्रज्ञांनी अशी भीती व्यक्त केली की या नियमांमुळे नैसर्गिक शत्रूंची देवाणघेवाण थांबेल आणि गरीब देशांतील शेतकऱ्यांचेच नुकसान होईल. हा युक्तिवाद फेटाळता येत नाही. भारतानेही परदेशी माशांचा लाभ घेतला आहे. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये दक्षिण भारतात आला, तेव्हा २०१० साली आयात केलेल्या ‘अ‍ॅसेरोफॅगस पपाये’ या माशीनेच तो आटोक्यात आणला. परंतु बार्बाडोस आणि ब्राझीलच्या साखर उद्योगाला भारतीय माशीमुळे जो लाभ झाला, त्याच्या मोबदल्याचा प्रश्न कधी उपस्थितच झाला नाही, हेही तितकेच खरे.

याच अधिनियमान्वये गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे अपेक्षित आहे. १९९० च्या दशकात माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली ही कल्पना मूलतः लोकांच्या ज्ञानावर आधारलेली होती. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिल्यावर देशभर मोठ्या संख्येने नोंदवह्या पूर्ण झाल्या. या नोंदवह्यांचा आराखडा वृक्ष, औषधी वनस्पती, पिकांचे वाण, पशुपक्षी यांच्याभोवती रचलेला आहे. शेतकऱ्याने ज्याला नावच दिले नाही, असा तीन मिलिमीटरचा कीटक त्या रकान्यांत कसा बसवायचा, ही अडचण खरी आहे. पांढऱ्या कोषांचा पुंजका मात्र शेतकऱ्याला दिसतो आणि अनेकदा तो किडीची अंडी समजून नष्टही केला जातो.

मे २०१८ मध्ये कर्नाटकात मक्यावर अमेरिकन लष्करी अळी प्रथम आढळली आणि काही महिन्यांतच ती महाराष्ट्रात पसरली. तिचा मूळचा शत्रू तिच्याबरोबर आलेला नव्हता. तरीही पहिल्याच हंगामात बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोच्या शास्त्रज्ञांनी शेतातून आणलेल्या अंडीपुंजांतून ‘टेलेनोमस’ व ‘ट्रायकोग्रामा’ या, तर अळ्यांतून ‘कॅम्पोलेटिस क्लोरिडी’ आणि ‘ग्लिप्टापँटेलिस’ या माशा बाहेर पडताना पाहिल्या. यांपैकी ‘कॅम्पोलेटिस’ ही हरभऱ्यावरील घाटेअळीची जुनी शत्रू. नव्या अळीचा शोध तिला आपल्याच शिवारात लागला होता.